चाळ रिकामी होण्याआधी

प्रश्न : आमची चाळ लालबागला आहे. तीन मजली, लाकडी जिन्याची, समोर सामाईक गॅलरी. पणजोबा कोकणातून आले तेव्हापासून आम्ही इथेच. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात होते. बाबा बदली कामगार म्हणून लागले आणि थोड्याच दिवसांत १९८२चा गिरण्यांचा संप झाला. आता पुनर्विकासाचा करार झालाय, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करायच्या आहेत. कुणी संक्रमण शिबिरात जाईल, कुणी भाड्याने डोंबिवली-विरारला. सगळे पांगण्याआधी चाळीचा आणि आसपासच्या गल्ल्यांचा इतिहास कुठेतरी नोंदवून ठेवावा असं फार वाटतं. पण मी बँकेत नोकरी करते, इतिहास दहावीनंतर शिकलेले नाही. सुरुवात कुठून करू? शेजारी विचारतात, "आपल्या चाळीत असा कोण मोठा माणूस होऊन गेला, की इतिहास लिहायचा?" आणि बाबा म्हणतात, "बाकी काय ते लिही, संपाचं उकरून काढू नकोस." त्यांच्या मनाविरुद्ध जावं का?

*– एक वाचक, लालबाग*

उत्तर : तुमच्या हातात दिवाळीपर्यंतचा वेळ आहे, म्हणून आधी कामाचा क्रम सांगते. अशा कामाला लागलेली बहुतेक माणसं ग्रंथालयापासून सुरुवात करतात. गॅझेटियर वाचतात, जुने नकाशे शोधतात, मुंबईची सात बेटं कशी जोडली गेली याच्या नोंदी काढतात. तुम्ही हे सगळं शेवटी करा. एस. एम. एडवर्ड्स यांचं १९०९चं तीन खंडांचं मुंबई गॅझेटियर पुढच्या वर्षीही वाचायला मिळेल. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्याचं पुराभिलेखागारही कुठे जात नाही. शेजारच्या काकूंच्या पोटमाळ्यावरची पत्र्याची ट्रंक मात्र तेव्हा नसेल.

चाळ पाडतात त्या दिवशी तिचा इतिहास जातो असं आपल्याला वाटतं. माझ्या पाहण्यात तो त्याआधीच, खोल्या खाली करायच्या आठवड्यात गेलेला असतो. टेम्पो ठरलेला असतो, जायची जागा लहान असते, घरातली तरुण मंडळी रजा टाकून आलेली असतात आणि त्यांना संध्याकाळपर्यंत सगळं हलवायचं असतं. माळ्यावरून बोचकी खाली येतात, कुणी उघडून बघत नाही, आणि रद्दीवाला खालीच उभा असतो. चाळीतला एखादा म्हातारा "अरे, त्यात काय आहे ते तरी बघा" म्हणतो, पण त्या गडबडीत त्याचं कोण ऐकणार? म्हणून तुमचं पहिलं काम त्या आठवड्याच्या आधी व्हायला हवं. आतापासून रोज संध्याकाळी एकेका घरी जा आणि सांगा, की कागद-फोटो टाकण्याआधी मला एकदा दाखवा.

दाखवा म्हणा, द्या म्हणू नका. कागद हाताबाहेर जाऊ द्यायला चाळकरी घाबरतो आणि त्याचं घाबरणं रास्त आहे. भाडेपावतीवर त्याचा खोलीचा हक्क उभा असतो. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाकडे (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाकडे) अर्ज करताना तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, रजेचा कागद असे पुरावे लागले, त्यामुळे ज्यांनी ते जपले त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवघराच्या खणात ठेवलेत. तिथेच बसून खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता मोबाइलवर कागदाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रं घ्या आणि कागद त्यांच्यासमोर परत पिशवीत घाला. चार घरी असं केलंत, की पाचव्या घरातून आपणहून हाक येते.

नेमकं काय शोधायचं ते थोडं सविस्तर सांगते, कारण लोक तुम्हाला लग्नाचे अल्बम आधी दाखवतील आणि खरी मौल्यवान वस्तू "हे काय, असंच आहे" म्हणून बाजूला ठेवतील.

भाडेपावत्या घ्या. एका खोलीच्या चाळीस वर्षांच्या पावत्या ओळीने लावल्यात तर भाडेकरूचं नाव बापाकडून मुलाकडे किंवा नवऱ्याकडून बायकोकडे कधी गेलं ते कळतं, मालक कधी बदलला ते कळतं, आणि भाड्याचा आकडा वर्षानुवर्षं जवळजवळ हललेला दिसत नाही. त्याचं कारण १९४७चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने मुंबईतली भाडी १९४० सालच्या पातळीला बांधून टाकली होती. मालकाने डागडुजीतून अंग का काढलं, पागडी का वाढली आणि तुमचा जिना आज असा का झुलतोय, याचा मोठा भाग त्या पावत्यांच्या गठ्ठ्यात आहे.

गावकीच्या वह्या शोधा. लालबाग-परळच्या चाळींत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या गावांचे गाळे होते. एका खोलीत एका गावचे गडी पाळीप्रमाणे झोपायचे, बायकामुलं गावी असायची. त्या खोलीची एक वही असायची. वर्गणी किती जमली, गावच्या देवळाला किती पाठवले, कुणाच्या मयताला काय मदत केली, कुणी महिना चुकवला, सगळं त्यात लिहिलेलं. अशी वही आजही एखाद्या ग्रामस्थ मंडळाच्या चिटणीसाच्या घरी पडून असते. त्याला ती जुना हिशेब वाटते. मला विचाराल, तर मुंबईत आलेला माणूस गावाशी कसा बांधलेला राहिला हे सांगणारा याहून चांगला कागद नाही.

आणि सर्वांत आधी गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका गोळा करा. तुमचा भाग यात भाग्यवान आहे. चिंचपोकळीचं मंडळ १९२०चं, गणेशगल्लीचं १९२८चं, लालबागच्या राजाचं १९३४चं, आणि त्यांच्याभोवती गल्लोगल्लीची लहान मंडळं. मोठ्या मंडळांवर पुष्कळ लिहून झालंय, तुम्ही लहान मंडळांकडे जा. स्मरणिका हातात आली की लोक अध्यक्षांचं मनोगत आणि कार्यकारिणीचे फोटो बघतात. तुम्ही मागची पानं उघडा, जाहिरातींची. पाव पान, अर्धं पान, चौकटीत 'शुभेच्छुक'. पिठाची गिरणी, मसाला कांडप, सायकलचं दुकान, केशकर्तनालय, बँडपथक, लाऊडस्पीकरवाला, खानावळ, छापखाना. प्रत्येकाचं नाव, पत्ता, कधी कधी 'अमुक टॉकीजसमोर' अशी खूण. दहा वर्षांच्या अंतराच्या तीन स्मरणिका शेजारी ठेवल्या, की गल्लीतलं कोणतं दुकान कधी आलं, कधी गेलं आणि त्या जागी काय आलं, याची यादी आपोआप तयार होते. सरकारी दप्तरात अशी यादी मिळणं कठीण. चिवडा गल्ली आणि मिरची गल्लीसारख्या ठिकाणी तर दुकानांचा इतिहास हाच वस्तीचा इतिहास आहे.

या कागदांवर बरेचदा सालच नसतं. मग बारीकसारीक खुणा बघायच्या. किंमत आण्यांत असेल तर कागद बहुधा १९५७च्या एप्रिलआधीचा. 'नवे पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४च्या दरम्यानचा. पत्ता नुसता 'मुंबई १२' असेल तर तो पिनकोड येण्याआधीचा, म्हणजे १९७२च्या ऑगस्टआधीचा असण्याची शक्यता जास्त. काहींनी सवयीने पुढेही तसंच लिहिलं, म्हणून या एकाच खुणेवर विसंबू नका. फोनचे आकडे मोजा, सहा आकडी नंबर सात आकडीहून जुना. अंदाजाने साल लिहिलंत तर शेजारी 'अंदाजे' लिहा आणि कशावरून तेही लिहा. पुढे कुणाला तुमचं चुकलंय असं वाटलं, तर त्याला तपासता आलं पाहिजे.

कागदांच्या जोडीनेच खोल्यांचा नकाशा करा. इमारत उभी आहे तोवरच हे होण्यासारखं आहे. मोठा कागद घ्या, एका कागदावर एक मजला. खोल्या, गॅलरी, जिना, नळ, संडास, मोरी, तुळशीवृंदावन, पाण्याचं पिंप कुठे ठेवायचे ती जागा, कॅरमचा बोर्ड कुठे लागायचा, होळी कुठे पेटायची, मयत झालं तर तिरडी कुठे बांधायची. खोलीची लांबी-रुंदी मेजरटेपने मोजून लिहा. मग प्रत्येक खोलीत आजवर कोण कोण राहिलं ते विचारत जा. एका माणसाला सगळं आठवत नाही, पण चार बायका गॅलरीत बसल्या आणि समोर नकाशा असला, की एकीने सांगितलेलं दुसरी दुरुस्त करते. त्या वेळी मोबाइलवर आवाज चालू ठेवा. छायाचित्रंही क्रमाने घ्या : रस्त्यावरून अख्खी चाळ, मग दर्शनी कमान, मग जिना, मग एकेक दार. दारावरच्या पाट्या, उंबऱ्याच्या फरश्या, गजांची नक्षी, कठड्याचं लाकूड कुठे झिजलंय ते. दारात त्या घरची माणसं उभी राहायला तयार असतील तर त्यांच्यासह घ्या. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलला मजला आणि खोली नंबर त्याच रात्री द्या. पुढच्या रविवारी करू म्हटलं, की सगळी दारं सारखी दिसायला लागतात.

चाळीचं वय काढणं त्यामानाने सोपं आहे. तुमची इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असणार. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अशा इमारतींची वर्गवारी आहे : १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या अ वर्गात, त्यानंतर १९५०अखेरपर्यंतच्या ब वर्गात, आणि १९५१पासून सप्टेंबर १९६९पर्यंतच्या क वर्गात. याने निदान एक टोक हाती लागतं. पुढे जमिनीचं मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड) काढा. तुमच्याकडे उपनगरातला सी.टी.एस. नव्हे तर सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) हा जमीन मोजणीचा क्रमांक लागेल, कारण शहर भागाची मोजणी वेगळी, आणि विभाग बहुधा परळ-शिवडी असेल. हा क्रमांक तुमच्या पुनर्विकासाच्या करारातच पहिल्या पानांवर छापलेला सापडेल. पत्रकावर जमिनीचे मालक ओळीने दिसतात. गिरणीमालक, ट्रस्ट, एखादं व्यापारी कुटुंब, कोणीही निघू शकतं.

आता माणसं. सुरुवात तुमच्या मजल्यावरच्या सर्वांत वृद्ध बाईपासून करा. पुरुषांकडे गिरणी, संप, युनियन, मंडळ याच्या गोष्टी तयार असतात, त्यांनी त्या अनेकदा सांगितलेल्या असतात. बायकांना कुणी विचारलेलंच नसतं. आणि गिरणगाव जितकं भोंग्यावर चाललं तितकंच खानावळीवरही चाललं. एका खोलीत वीस-पंचवीस गड्यांचा डबा करणारी बाई, तिचा हिशेब, उधारी, पगाराच्या दिवशी होणारी वसुली, हे सगळं अर्थकारण स्वयंपाकघरात होतं. खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच भागातल्या बायकांना हाताशी धरून. तुमच्या चाळीत खानावळ कुणाची होती, हा प्रश्न पहिल्या पाचांत ठेवा.

"तुमच्या आठवणी सांगा" असं कधी विचारू नका. समोरचा माणूस गांगरतो आणि "काय सांगू, दिवस कष्टाचे होते" एवढ्यावर थांबतो. लहान, हाताला लागतील असे प्रश्न विचारा. पहिली पाळी असेल तर घरात किती वाजता उठायचे? चूल होती की स्टोव्ह? रॉकेल कुठून आणायचे? नळाला पाणी किती वाजता, आणि रांगेवरून भांडण व्हायचं ते कुणाचं? पगार झाला की त्या दिवशी घरात काय यायचं? बाळंतपणं कुठे झाली? साल विचारू नका, ते कुणालाच आठवत नाही आणि उगाच ओशाळल्यासारखं होतं. त्याऐवजी खुणेची घटना विचारा. गोदीत स्फोट झाला तेव्हा (१४ एप्रिल १९४४) तुम्ही केवढ्या होता? ट्राम बंद झाली त्याआधी की नंतर (३१ मार्च १९६४)? चाळीत पहिला टीव्ही कुणाकडे आला? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, म्हणजे तो त्याच्या आधीचा असू शकत नाही. रेल्वेचा संप (मे १९७४), गिरण्यांचा संप (१८ जानेवारी १९८२). लालबागकरांची वर्षं अशाच घटनांना टांगलेली असतात.

रेकॉर्डिंग करताना डोक्यावरचा पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका आणि तो बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर मऊ कापडावर ठेवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि कोण बोलतंय ते स्वतःच्या आवाजात सांगा. पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, हवं तर पुन्हा जा. दुसऱ्या वेळी माणूस जास्त मोकळं बोलतो. ऐकलेलं लिहून काढताना भाषा सुधारू नका. मालवणी असेल तर मालवणी, घाटावरची असेल तर तशीच.

"कोण मोठा माणूस होऊन गेला" असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं? तुम्ही त्यांच्याशी वाद घालू नका, पण तुमच्या मनात हे पक्कं असू द्या, की ज्या भागात तुम्ही राहता तिथे सामान्य माणसांनीच मोठ्या गोष्टी केल्या. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांना संघटित केलं, आणि त्यांच्या प्रयत्नांतून १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ती मागणारे हजारो हात तुमच्यासारख्याच चाळींतले होते. त्यांची नावं कुठेच नाहीत. तुमच्या मजल्यावरच्या माणसांची नावं तशीच जाऊ द्यायची का, एवढाच प्रश्न आहे. आणि वस्ती काही गिरण्यांपासून सुरू होत नाही. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक भव्य शिवमूर्ती निघाली. एका शिवातून वर आणि बाजूंना आणखी शिव प्रकटणारी, एकाच शिळेत कोरलेली. अभ्यासक ती पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. ती आजही परळच्या बारादेवीच्या देवळात आहे. चाळीतल्या मुलांना एका रविवारी ती दाखवायला न्या. देवस्थान आहे, तेव्हा फोटो काढण्याआधी तिथल्या मंडळींना विचारा. मुलांना एकदा का आपल्या पायाखाली काय आहे याचं कुतूहल लागलं, की तुमचे मदतनीस तयार झाले.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. चाळीचा इतिहास लिहिताना आपण सगळे किती एकोप्याने राहायचो, दारं कशी उघडी असायची, याच आठवणी वर येतात. त्या खऱ्याच असतात. पण तुमचे आजोबा साचेखात्यात होते, म्हणून हेही तुम्हाला ठाऊक असू द्या, की त्या खात्यात दलित कामगारांना शिरू देत नसत. मागावरच्या धोट्यातला (आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेने इतर कामगारच त्यांना आत येऊ देत नव्हते. साचेखात्यात पगार चांगला, म्हणजे हा थेट पोटावर पाय होता. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तेव्हा विचारताना हेही विचारा, की आपल्या चाळीत कुणाला खोली मिळत नव्हती? शेजारच्या चाळीत कोण राहायचं, आणि त्यांच्याकडे आपण पाणी प्यायचो का? उत्तर द्यायला माणसं चाचरतील. चाचरली तरी विचारा, आणि पलीकडच्या चाळीत जाऊन त्यांचंही ऐका. गिरणगावाचं अर्धंच चित्र घेऊन थांबू नका.

बाबांचं. मला हा तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटला.

१९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो घरोघरी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणाने संपला. कुणी दागिने मोडून टिकून राहिला, कुणी गावी परतला, कुणी घरात दुधाला पैसे नाहीत म्हणून गपचूप पाळीवर गेला आणि पुढे वर्षानुवर्षं शेजाऱ्यांची नजर चुकवत राहिला. एकाच गॅलरीत संपावर राहिलेला आणि कामावर गेलेला अशी दोन्ही घरं होती. एकाच घरात दोन भावांची तोंडं दोन दिशांना झाली. बदली कामगाराची तर आणखीच कोंडी. त्याची नोकरी मुळात कायम नव्हती, तरी संपाचा मार त्यालाही पूर्ण बसला. बाबा त्या वेळी कुठे उभे होते मला माहीत नाही, आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल तर तुम्हालाही माहीत नसेल. त्यांच्या मनाविरुद्ध जाऊ नका. ही आठवण त्यांची आहे, ती द्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचं.

पण संपाचं विचारायचं नाही म्हणजे बाबांना काहीच विचारायचं नाही असं नाही. बदलीचं विचारा. पहाटे गिरणीच्या दारात उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कोण खाडा करतोय याची वाट बघायची, नंबर लागला तर पाळी, नाही तर घरी. ती पाळी लावणारा कोण होता, त्याला खूश ठेवावं लागायचं का, पहिल्या दिवशी कापसाचे तंतू नाकात गेले तेव्हा काय वाटलं, साच्यांच्या आवाजात माणसं एकमेकांशी बोलायची कशी? हे बोलता बोलता एखाद्या दिवशी ते स्वतःच पुढे जातील, किंवा जाणार नाहीत. गेले, तर रेकॉर्डिंग चालू ठेवू का हे त्या क्षणी विचारा.

हीच रीत चाळीतल्या सगळ्यांसाठी ठेवा. प्रत्येकाकडून साध्या मराठीत अर्ध्या पानाची लेखी संमती घ्या, त्यात पर्याय असू द्या : नावासह छापलं तरी चालेल, नाव न देता चालेल, किंवा आमच्या हयातीत कुणाला ऐकवू नका. तिसरा पर्याय बघून लोकांना धीर येतो. कुणी आठवड्याने येऊन "ते माझं काढून टाक" म्हणालं, तर वाद न घालता काढून टाका. दंगलीचे दिवस, गल्लीतले गुंड, राजकीय खून हे विषय या भागात निघणारच. १९७० साली इथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, तो जुन्या मंडळींना काल घडल्यासारखा आठवतो. वर्तमानपत्रांत नोंदवलेलं आहे तेवढं तिथून घ्या. हयात माणसांवर कुणी तोंडी काही आरोप केला, तर तो जपून ठेवा पण पसरवू नका.

जमवलेलं टिकवायचं कसं, ते थोडक्यात. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका आणि सेलोटेप लावू नका, दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. ओला झालेला कागद उन्हात न टाकता सावलीत, हवेवर सुकवा. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, अख्ख्या पानाचंच छायाचित्र घ्या. काचेला चिकटलेल्या फोटोचंही तसंच करा. फोटोच्या मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, कडेला, बॉलपेनने नाही. स्कॅनर मिळाला तर कागदांना ३०० डीपीआय आणि लहान फोटोंना ६०० पुरे. सगळ्या फाइली तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत लालबागबाहेर, एखाद्या नातेवाइकाकडे. नुसत्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नका, तिथे चित्राचा दर्जा उतरतो आणि दोन फोन बदलले की काही उरत नाही.

मूळ कागद ज्याचे त्याच्याकडेच राहू देत. पण बेवारस निघणाऱ्या वस्तू असतील : मंडळाच्या वह्या, चाळ कमिटीचं दप्तर, दर्शनी पाटी, कमानीवरचं साल कोरलेला दगड असेल तर तो. यासाठी आत्ताच तुमच्या कमिटीला भेटा. करार झाला असला तरी विकासकाला पत्र देऊन पुरवणी म्हणून दोन-तीन गोष्टी लिहून घेता येतात : पाटी आणि लाकडी कठड्याचा एक भाग पाडकामाआधी सांभाळून काढून द्यावा, नव्या इमारतीला चाळीचं नाव राहावं, संस्थेच्या कार्यालयात एक कपाट या दप्तरासाठी असावं. विकासकाला यात फारसा खर्च नाही, त्यामुळे आधी मागितलं तर सहसा मिळतं. पाडकाम सुरू झाल्यावर मागितलं तर कंत्राटदाराची माणसं लाकूड विकून मोकळी झालेली असतात. मधल्या तीन-चार वर्षांत हे सामान ठेवायचं कुठे, हेही ठरवून टाका. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८पासूनचं आहे. स्मरणिकांच्या जास्तीच्या प्रती तिथे किंवा तुमच्या विभागातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात घेतील का, ते स्वतः जाऊन विचारा.

हे सगळं एकटीने करायला जाल तर थकाल. मजल्याला एक अशी तीन-चार माणसं सोबत घ्या, त्यांत एक कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आणि एक निवृत्त माणूस असू द्या. निवृत्त माणसाला कुणाचा राग कुणावर आहे ते माहीत असतं, त्यामुळे कुणाला कुणासमोर काय विचारायचं नाही हे तो सांगतो. बँकेतली नोकरी तुम्हाला इथे उपयोगी पडेल. नोंदवही कशी ठेवायची, नोंदीसमोर तारीख आणि सही का हवी, एक आकडा दुसऱ्या आकड्याशी जुळवून कसा बघायचा, हे तुम्हाला येतं, आणि या कामात निम्मं कौशल्य तेच आहे.

खोल्या सोडण्याआधी चाळीची शेवटची सर्वसाधारण सभा होईल. तिच्या विषयपत्रिकेवर दोन विषय घालून घ्या. एक, प्रत्येक कुटुंबाचा नवा तात्पुरता पत्ता, फोन आणि मूळ गावचा पत्ता एका यादीत. पांगलेली माणसं पुढे शोधायला हीच यादी लागेल. दुसरा, दप्तराचा आणि फाइलींचा ताबा दोन नावांनी कुणाकडे राहील याचा ठराव. ठरावाखाली सूचक आणि अनुमोदकाच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.